ताटाची डावी बाजू राखताना : वसंतातील ताजी, कमी मिठाची लोणची

मराठी ताटाला दोन बाजू असतात. उजवीकडे भाजी-आमटी, पोटाची सोय. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि लोणचे, म्हणजे जिभेची सोय. वय वाढले, रक्तदाब चढू लागला की घरातील पहिली कुऱ्हाड या डाव्या बाजूवर पडते. 'अप्पा, आता लोणचे बंद,' असे सून किंवा मुलगा सांगतो. सांगण्यामागे काळजी असते आणि ती योग्यही असते. परंतु त्यानंतर काय घडते, तेही पाहिले पाहिजे. भाकरी अर्धी उरू लागते. 'भूक नाही' हे उत्तर रोजचे होते. नाहीतर दुपारी सर्व जण आडवे झाले असता फडताळातील बरणीचा दादरा हळूच सुटतो आणि वर्षभर मुरलेली एक खारट फोड तोंडात जाते.

उतारवयात जेवण कमी होणे ही लहान गोष्ट नव्हे. वजन उतरते, स्नायू क्षीण होतात, चालताना तोल जातो. दुसरीकडे, चोरून खाल्लेल्या लोणच्यातील मीठही शरीर मोजल्यावाचून सोडत नाही. या दोहोंमधली एक वाट वसंत ऋतू आपणांस दरवर्षी दाखवीत असतो. ती म्हणजे आठवड्यापुरते, थोडेसे, ताजे लोणचे. साठवणीच्या लोणच्यात एवढे मीठ का असते, हे एकदा समजले की ते कोठे आणि किती कमी करता येईल, हेही समजते. या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

वरवंडच्या शिवारातील वसंत

पुणे-सोलापूर महामार्गावर चौफुला सोडून पाटसच्या दिशेने निघाले की दौंड तालुक्यातील वरवंड लागते. हा मुलूख तसा कमी पावसाचा. परंतु खडकवासल्याहून निघून दौंड-इंदापूरकडे जाणारा मुठा उजवा कालवा आणि गावचा व्हिक्टोरिया तलाव यांनी येथील शेतीचा चेहरा बदलला. ऊस आहे, म्हणून केडगाव-चौफुला परिसरात गुऱ्हाळे आहेत आणि ताजा गूळ आहे. रब्बीचा कांदा आहे. कालव्याच्या पाण्यावर घरापुरती का होईना, भाजी आहे.

माघ सरून फाल्गुन लागतो तेव्हा या शिवारात दोन ऋतू एकमेकांना भेटतात. थंडीच्या भाज्या जाता जाता स्वस्त झालेल्या असतात : गाजर, फ्लॉवर, मटार, मुळा, नवलकोल. बाजारात ओली हळद आणि ताजे आले अजून मिळत असते. त्याच वेळी पहिल्या कैऱ्या दिसू लागतात, नवा कांदा शेतातून निघतो, आणि भीमेपलीकडील श्रीगोंद्याची लिंबे येत असतात. पाडव्यापासून चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापर्यंत कैरीचे पन्हे, आंब्याची डाळ आणि मेथांबा यांचा काळ. साठवणीचे लोणचे घालावयाचे ते पुढे, वैशाख-ज्येष्ठात, कैरीची कोय पक्की झाल्यावर आणि पहिला पाऊस पडण्यापूर्वी. तोपर्यंतच्या दीड-दोन महिन्यांत घरातील जुनी बरणी तळाला गेलेली असते आणि ताज्या लोणच्यांना ताटात जागा मिळते. आजच्या आजी-आजोबांनी हे सर्व आपल्या लहानपणी पाहिलेले आहे. तेव्हा आपण येथे नवे काही शिकवीत नसून, जुनीच रीत नव्या पथ्याशी जुळवून घेत आहोत.

लोणच्यात मीठ कशासाठी असते?

'लोणचे' हा शब्दच लवणावरून आलेला आहे. साठवणीच्या लोणच्यात मीठ घालण्याचा पहिला हेतू चव नसून रक्षण हा आहे. मीठ फोडींतील पाणी बाहेर ओढते. त्यालाच आपण खार सुटणे म्हणतो. त्या खाऱ्या द्रवात सडविणाऱ्या जंतूंना वाढण्यासाठी लागणारे मोकळे पाणी मिळत नाही. वरून तेलाचा थर देऊन हवा अडविली जाते. कैरीची आंबटाई आणि मोहरी-मेथी-हिंग मदतीला असतातच. हे सारे मिळून बरणी फ्रिजविना वर्षभर टिकते.

त्यासाठी लागणारे प्रमाणही मोठे असते. एक किलो कैरीच्या फोडींना घरोघरी दीडशे ते अडीचशे ग्रॅम मीठ घालतात. दोनशे ग्रॅम धरले आणि तेल-मसाला मिळून लोणचे सुमारे १,६०० ग्रॅम भरले असे मानले, तर दोन चहाचे चमचे लोणच्यात, म्हणजे साधारण १५ ग्रॅममध्ये, जवळजवळ दोन ग्रॅम मीठ जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीसाठी दिवसभराच्या सर्व पदार्थांतून मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. ते एका सपाट चहाच्या चमच्याहूनही किंचित कमी भरते. म्हणजे दिवसाच्या मर्यादेतील दोन-पंचमांश भाग लोणच्याची एक लहानशी वाढच घेऊन टाकते. भाजी, आमटी, पापड, फरसाण यांचा हिशेब अजून व्हावयाचाच असतो.

आता दुसरी बाजू पाहू. पाव किलो भाजीच्या ताज्या लोणच्यात पाऊण सपाट चमचा, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम मीठ घातले, त्यात दोन लिंबांचा रस, थोडे तेल आणि मोहरी मिळविली, तर तयार लोणचे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास होते. त्याच्या १५ ग्रॅममध्ये मीठ सुमारे ०.२ ग्रॅम येते. साठवणीच्या लोणच्याच्या मानाने हे नवव्या-दहाव्या भागाइतके आहे. जिभेला लोणचे मिळाले आणि मिठाचा बोजा टळला.

परंतु या सवलतीची एक किंमत आहे आणि ती विसरून चालणार नाही. मीठ कमी केले म्हणजे रक्षकच कमी केला. असे लोणचे फडताळात टिकत नाही. त्याची जागा फ्रिजमध्ये आणि त्याचे आयुष्य काही दिवसांचे. मीठही कमी आणि बरणीही बाहेर, असे दोन्ही करणे धोक्याचे आहे. विशेषतः वृद्धांच्या बाबतीत साधे पोट बिघडले तरी शरीरातील पाणी लवकर उतरते, म्हणून येथे कसूर नको.

चवीचेही वय होते

'पूर्वीसारखी चव राहिली नाही,' अशी ज्येष्ठांची तक्रार असते. पुष्कळदा ती स्वयंपाकाविषयी नसून स्वतःच्या जिभेविषयी आणि नाकाविषयी असते. वयाबरोबर वासाची जाण मंदावते. काही औषधांनी तोंड कोरडे पडते. कवळीमुळे टाळूचा भाग झाकला जातो. मग अळणी वाटणाऱ्या आमटीत वरून मीठ घेण्याची सवय लागते.

मिठाऐवजी चव जागी करणाऱ्या आणखी तीन गोष्टी आपल्या स्वयंपाकघरात आहेत. पहिली आंबटपणा : लिंबू, कैरी, चिंच. आंबट चव असली की कमी मीठही पुरेसे भासते, शिवाय तोंडाला पाणी सुटून कोरडा घास ओला होतो. दुसरी झणका : फेसलेली मोहरी, आले, मिरी. हा झणका निव्वळ जिभेच्या चवीचा नसतो. तो नाका-तोंडातील वेगळ्या नसांना जाणवतो, म्हणून वास मंदावलेल्यांनाही तो कळतो. तिसरी फोडणीचा सुगंध : हिंग, मेथी, जिरे. पुढील चारही लोणची याच तिघांच्या आधारावर बेतलेली आहेत.

प्रमाणांत 'चमचा' म्हणजे चहाचा चमचा, आणि मीठ नेहमी सपाट चमच्याने मोजावे. अंदाजाने चिमूट टाकण्याची आपली सवय इतर वेळी चालते, परंतु पथ्याच्या पदार्थात ती सोडावी.

१. गाजर, फ्लॉवर आणि मटारचे फेसलेल्या मोहरीचे लोणचे

साहित्य : गाजर १०० ग्रॅम, फ्लॉवरचे लहान तुरे १०० ग्रॅम, सोललेले मटार ५० ग्रॅम, मोहरीची डाळ २ चमचे, दोन रसदार लिंबांचा रस, मीठ पाऊण चमचा, हळद पाव चमचा, तिखट अर्धा चमचा किंवा त्याहून कमी, तेल ३ चमचे, हिंग दोन चिमटी.

फ्लॉवर कोमट पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावा, म्हणजे आतील कीड वर येते. मग भाज्या वाहत्या पाण्याखाली स्वच्छ धुवाव्यात. गाजराचे बोटाच्या पेराएवढे बारीक तुकडे करावेत. उकळत्या पाण्यात सर्व भाज्या दोन ते तीन मिनिटे ठेवून काढाव्यात. दात नसतील तर पाच-सहा मिनिटे, बोटाने दाबल्या असता दबतील इतपत. नंतर स्वच्छ, कोरड्या पंचावर पसरून पंख्याखाली तासभर वाळू द्याव्यात. पृष्ठभागावर पाणी राहिले की लोणचे लवकर बिघडते.

मोहरीची डाळ दोन-तीन चमचे पाणी घालून खलात किंवा मिक्सरच्या लहान भांड्यात फेसावी. रंग फिका होऊन झणका नाकाशी आला की थांबावे. मोहरीचा तिखटपणा कोरड्या दाण्यात झोपलेला असतो. पाणी लागून दाणा फुटला की तो जागा होतो. म्हणून लिंबू आधी न घालता मोहरी पाण्यातच फेसावी आणि मग रस मिळवावा. त्यात मीठ, हळद, तिखट कालवून भाज्या घालाव्यात. तेल तापवून हिंग टाकावा आणि फोडणी पूर्ण गार झाल्यावर वर ओतावी. काही तासांत लोणचे खाण्याजोगे होते. दुसऱ्या दिवशी अधिक मुरते. फ्रिजमध्ये पाच ते सात दिवस.

२. ओली हळद आणि आल्याचे लोणचे

साहित्य : ओली हळद १०० ग्रॅम, आले ५० ग्रॅम, दोन लिंबांचा रस, मीठ अर्धा चमचा, तेल २ चमचे, मोहरी आणि हिंग फोडणीपुरते.

हळद-आले मातीतून येतात, म्हणून खोबणीतील माती ब्रशने घासून काढावी. साल खरवडण्यापूर्वी हाताला तेल लावले तर डाग कमी पडतात. दात चांगले असल्यास काडीसारखे पातळ काप करावेत, नसल्यास बारीक किसणीवर किसावे. मीठ व लिंबाचा रस कालवून, रस किसावर येईल असे पाहावे. गार झालेली फोडणी घालावी. याची वाढ एका चमच्याची. तेवढ्यात जेवणाची रंगत येते आणि मिठाचा भाग दशांश ग्रॅमच्या आसपास राहतो.

हळदीविषयी हल्ली पुष्कळ बोलले जाते, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट असावी. हे लोणचे आहे, औषध नव्हे. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, तर ओली हळद रोज वाटीभर खाणे योग्य नाही. ज्यांना मूत्रखड्यांचा त्रास झालेला आहे त्यांनीही जपावे, कारण हळदीत ऑक्झलेटचे प्रमाण बरेच असते.

३. कैरी आणि नव्या कांद्याचा तक्कू

साहित्य : एका मध्यम कैरीचा कीस (सुमारे १५० ग्रॅम), लहान कांद्याचा कीस, किसलेला गूळ २ चमचे, मीठ पाव चमचा, तिखट चवीपुरते, जिऱ्याची पूड अर्धा चमचा, फोडणीसाठी तेल २ चमचे, मोहरी, हिंग आणि मेथीचे चार-पाच दाणे.

कैरीचा कीस पिळून रस टाकून देऊ नये. आंबटपणा तेथेच आहे. सर्व कालवून वर गार फोडणी द्यावी. गूळ विरघळला की तक्कू तयार. मधुमेह असेल तर गूळ वगळून जिऱ्याची पूड वाढवावी आणि कोवळी, बेताची आंबट कैरी निवडावी. कांदा चिरल्यावर फार काळ ठेवू नये, म्हणून तक्कू फ्रिजमध्येही दोन दिवसांपलीकडे ठेवण्याचा मोह टाळावा. भाकरीच्या पिठात मीठ घालण्याची रीत बऱ्याच घरांत नाही. ज्वारीची भाकरी, वरण आणि हा तक्कू असे जेवण मिठाच्या दृष्टीने हलके आणि चवीच्या दृष्टीने भरलेले होते.

४. दात नसलेल्यांसाठी मेथांबा

साहित्य : कैरीच्या सोललेल्या फोडी २५० ग्रॅम, मेथीदाणे अर्धा चमचा, तेल ३ चमचे, मोहरी, हिंग, हळद, तिखट अर्धा चमचा, गूळ १०० ते १२५ ग्रॅम, मीठ अर्धा चमचा, पाणी अर्धी वाटी.

तेलात मोहरी, हिंग, हळद घालून मेथीदाणे तांबूस होऊ द्यावेत; काळे झाले तर कडवट होतात. फोडी परतून पाणी घालावे, झाकण ठेवून मऊ शिजवाव्यात. मग गूळ, तिखट, मीठ घालून दोन-चार उकळ्या आणाव्यात. लोखंडी किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात हे करू नये. आंबट पदार्थ धातू धरतो. स्टीलचे पातेले उत्तम. शिजविलेला असल्याने मेथांबा फ्रिजमध्ये आठवडाभर चांगला राहतो. याच्या दोन चमच्यांत मीठ नाममात्र असले तरी गूळ चार-पाच ग्रॅम जातो, हे मधुमेहींनी ध्यानात ठेवावे. ज्यांना चावता येत नाही त्यांच्यासाठी फोडी चमच्याने घोटून एकजीव कराव्यात.

ठेवण्याची शिस्त

या लोणच्यांची निम्मी कृती ठेवणीत आहे. काचेची लहान बाटली गरम पाण्याने आणि साबणाने धुवावी, उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावी आणि उपडी करून पूर्ण कोरडी करावी. एक मोठी बरणी भरण्यापेक्षा दोन लहान बाटल्या बऱ्या. एक उघडली तरी दुसरी अस्पर्श राहते. बाटलीवर केल्याची तारीख लिहून चिकटवावी. वृद्ध दांपत्य एकटे राहत असेल तर अक्षर मोठे असावे. तारखेवरच विसंबावे, कारण वास मंदावलेल्या नाकाला बिघाड कळेलच असे नाही.

लिंबाच्या रसाचे प्रमाण कमी करू नये. मटार, गाजर या भाज्या मुळात आंबट नाहीत. त्यांना सुरक्षित ठेवणारी आंबटाई बाहेरूनच द्यावी लागते. लसूण घालावयाचा असल्यास तो त्याच दिवशीच्या वाढीत घालावा. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवू नये. हवा न लागलेल्या, आंबट नसलेल्या अशा मिश्रणात बॉट्युलिझमचे विष निर्माण होण्याचा संभव असतो. ते विष वासाने वा चवीने ओळखता येत नाही.

गावाकडे विजेचा भरवसा नसतो. दार न उघडता बंद ठेवलेला फ्रिज साधारण चार तास गारवा राखतो. त्यापुढे वीज आली नाही तर ही लोणची त्याच जेवणात संपवावीत, किंवा टाकून द्यावीत. जेथे वीज रोजच दीर्घकाळ जाते तेथे आठवड्याचे लोणचे करूच नये. एका दिवसापुरता तक्कू किंवा एका जेवणापुरती लिंबू पिळलेली गाजराची कोशिंबीर करावी. वर पांढरी-हिरवी बुरशी दिसली, फेस आला, झाकण फुगले, तर वरचा थर काढून खालचे खाण्याचा विचार मनातही आणू नये. अन्न टाकण्याचे पाप वाटते, हे खरे. म्हणूनच मुळात थोडे करावे.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे?

मूत्रपिंडाचा जुनाट विकार किंवा डायलिसिस चालू असेल तर मिठाबरोबर पोटॅशियमचाही हिशेब असतो. लिंबू, कैरी, गाजर किती चालेल हे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ यांनी ठरवावे. या रुग्णांनी 'कमी सोडियमचे मीठ' म्हणून मिळणारे मीठ स्वतःच्या मनाने मुळीच वापरू नये. त्यात सोडियमच्या जागी पुष्कळदा पोटॅशियम क्लोराइड असते. मूत्रपिंड दुबळे असल्यास, किंवा रक्तदाबाची काही ठराविक औषधे चालू असल्यास, रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. सैंधव किंवा काळे मीठ हेही शेवटी मीठच आहे. नाव बदलले तरी त्यातील सोडियम फारसे बदलत नाही.

याच्या उलट टोकही असते. लघवी वाढविणारी औषधे घेणाऱ्या वृद्धांच्या रक्तातील सोडियम कधी कधी फार उतरते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात घाम, जुलाब, कमी जेवण यांची भर पडली की गुंगी, असंबद्ध बोलणे, तोल जाणे असे होऊ शकते. म्हणून 'कमी मीठ' याचा अर्थ 'मीठ बंद' असा घरच्या घरी करू नये, आणि अशी लक्षणे दिसताच डॉक्टरांना गाठावे.

पक्षाघातानंतर किंवा कंपवातात गिळताना ठसका लागत असेल तर पातळ रसात तरंगणाऱ्या फोडी धोक्याच्या असतात. अशांना घोटलेला, घट्टसर मेथांबाच द्यावा, तोही तज्ज्ञांनी जो घट्टपणा सांगितला असेल त्या बेताने. फेसलेल्या मोहरीचा झणका त्यांना देऊ नये. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांना किंवा प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्यांना कच्ची लोणची न देता, शिजविलेली आणि त्याच दिवशी केलेली द्यावीत. पोटात व्रण किंवा जळजळ असणाऱ्यांनी आंबट-तिखट रिकाम्या पोटी घेऊ नये.

विकतच्या बाटलीकडे पाहताना

सर्वांनाच घरी करणे जमते असे नाही. विकतचे लोणचे घ्यावयाचे असेल तर वेष्टणावर १०० ग्रॅममागे सोडियम किती मिलिग्रॅम आहे ते पाहावे. त्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे मिलिग्रॅम मिळतात. समजा, ४,००० मिलिग्रॅम सोडियम लिहिलेले आहे; म्हणजे १०० ग्रॅम लोणच्यात दहा ग्रॅम मीठ, आणि दोन चमच्यांत दीड ग्रॅम. हा हिशेब घरातील नातवंडाकडून करून घ्यावा. आजोबांना आकडा कळतो आणि नातवंडाला पथ्याचे कारण कळते. घरात साठवणीची बरणी असेलच तर खार निथळून फोडीचा लहानसा तुकडा वाढावा, आणि त्या दिवशी पापड व फरसाण वगळावे.

वाढणाऱ्या हातांसाठी

सेवा करणाऱ्यांच्या वाट्याला नकार देण्याचे काम फार येते. हे नको, ते बंद, इतकेच पुरे. ज्येष्ठांना पदार्थाइतकाच हा नकार बोचतो. सासूबाईंनी पन्नास वर्षे घराला लोणचे घालून दिले आणि आज त्यांच्याच ताटातून ते उचलले जाते, हे सोसणे सोपे नाही. म्हणून ताज्या लोणच्याच्या निमित्ताने त्यांना पुन्हा कामात घ्यावे. मटार सोलणे, लिंबे निवडणे, मोहरी पुरती फेसली की नाही ते सांगणे, ही कामे बसल्या जागी होतात. बोटांना व्यायाम मिळतो आणि 'आई, तुमच्या हाताची चव आली' हे म्हणण्याची संधीही मिळते. मिठाचा चमचा सपाट करण्याचे काम मात्र ज्याचे त्याला करू द्यावे. स्वतः मोजलेल्या मिठाविषयी तक्रार कमी राहते.

वाढताना लोणचे बाटलीतून थेट ताटात न घेता लहान वाटीत काढावे, कोरड्या चमच्याने. दोन चमचे ही वाढ. पुन्हा मागितले तर लिंबाची फोड द्यावी. चव फारच सौम्य वाटली तर पहिल्या आठवड्यातच निराश होऊ नये. कमी मिठाची सवय जिभेला काही आठवड्यांत होते आणि मग जुनी फोडच खारट लागू लागते. रक्तदाबाची नोंद आणि वजन दर पंधरवड्याला वहीत लिहावे. रक्तदाब आटोक्यात आणि वजन स्थिर, अशी दोन्ही नोंदी साथ देत असतील तर ताटाची डावी बाजू योग्य भरली जात आहे, असे समजावे.

फाल्गुन-चैत्राचे हे दिवस थोडके असतात. ओली हळद बाजारातून जाते, मटार जून होतो, कैरीला कोय धरते. या पंधरवड्यात पाव किलोची एक बाटली करून पाहावी, त्याहून अधिक नको. ती संपली की दुसरी.